अंगठ्याची साक्ष

संमतीपत्रावर मावशींनी डाव्या हाताचा अंगठा उठवला. शाई पुसून होते न होते तोच त्यांना खुर्चीत बसवलं, डोक्याच्या डाव्या बाजूला कॉइल टेकवली. 'टक्' असा आवाज झाला आणि उजव्या हाताचा अंगठा आपला आपण हलला. अंगणात शिरलेल्या परक्या वासराकडं पाहावं तसं मावशींनी त्या अंगठ्याकडं पाहिलं. "म्या नाई हालवला बाप्पा," त्या म्हणाल्या.

हा प्रसंग नागपुरातल्या एका खासगी मनोविकार दवाखान्यातला. मी तिथली नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या ठिकाणी मानसशास्त्रज्ञ म्हणून काम करते, आणि मावशींना तिकडं मीच पाठवलं होतं. ट्रान्सक्रेनियल मॅग्नेटिक स्टिम्युलेशन, म्हणजे टीएमएस, हा डोक्याबाहेरून चुंबकाचे ठोके देऊन करायचा डिप्रेशनवरचा उपचार आमच्या भागातल्या खेड्यातून कुणी घेतल्याचं माझ्या पाहण्यातलं हे पहिलंच उदाहरण. सगळं सरळ पार पडलं असतं तर मी लिहायला बसले नसते.

रुग्ण

वय ५२. नवरा आठ वर्षांपूर्वी गेला. चार एकर कोरडवाहू, त्यात पऱ्हाटी आणि तूर. मुलगा तालुक्याला मोटार रिवाइंडिंगचं दुकान चालवतो. दोन वर्षांपासून मावशी बाजेवरून उठेनात. वेचणीला जाणं सुटलं, हळदी-कुंकवाला बोलवायला बाया येईनाशा झाल्या, जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. पहाटे तीनला जाग येई ती येईच. मरणाचे विचार होते, आखणी नव्हती. ते मी प्रत्येक भेटीत स्पष्ट शब्दांत विचारत होते.

आमच्याकडं 'डिप्रेशन' कुणी म्हणत नाही. 'जीव लागत नाही', 'डोकं जड हाये', फार तर 'टेन्शन'. विदर्भातल्या ३० गावांत २०११ नंतर विश्राम नावाचा एक उपक्रम झाला होता. गावातल्याच प्रशिक्षित माणसांनी घरोघर जाऊन या आजाराबद्दल बोलायचं आणि गरज असेल त्याला पुढं पाठवायचं, असं त्याचं रूप. उदासीनतेचा आजार असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणाऱ्यांचं प्रमाण सुरुवातीला ४.३ टक्के होतं, दीड वर्षानं ते २७.२ टक्के झालं. म्हणजे उपक्रम यशस्वी होऊनही चारांतले तीन घरीच. मावशी त्या चौथ्यातल्या. आशाताईंनी त्यांना हाताला धरून आणलं होतं.

दोन वेगवेगळी औषधं पुरेशा मात्रेत आणि पुरेसे आठवडे देऊन झाली. पहिल्यानं मळमळ, दुसऱ्यानं घाम, आणि सुधारणा जेमतेम. पीएचक्यू-९ या प्रश्नावलीवर २७ पैकी २१ गुण होते, म्हणजे आजार तीव्र. मग मनोविकारतज्ज्ञांनी टीएमएस सुचवलं. डोक्यात धातूची क्लिप, कानातलं यंत्र, हृदयात पेसमेकर, फिट आल्याचा इतिहास यांपैकी काही नव्हतं.

घरी पहिला प्रश्न आला तो शॉकचा. शॉकच्या उपचारात भूल देऊन मुद्दाम फिट आणतात, आणि भुलीशिवाय तो देण्याला २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं बंदी आहे. टीएमएसमध्ये भूल नाही, फिट आणायची नाही, रुग्ण जागा असतो आणि उठून चालत घरी जातो. हे मी तीनदा सांगितलं. मावशींना ते पटलं की त्या कंटाळून हो म्हणाल्या, हे मला आजही सांगता येणार नाही. खर्चासाठी एक गोऱ्हा विकला.

डीपी आणि डोकं

मशीन मला समजावून सांगावं लागलं नाही, मावशींच्या मुलानंच ते मला समजावलं असं म्हटलं तरी चालेल. कॉइल पाहताच तो म्हणाला, "हे तं वाइंडिंग हाये न मॅडम." प्लॅस्टिकच्या आवरणात तांब्याची दोन वेटोळी, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी शेजारी-शेजारी. मागच्या पेटीत कॅपॅसिटर. तो भरतो आणि एका झटक्यात कॉइलमधून रिकामा होतो. क्षणभर काही हजार अँपिअरचा प्रवाह वाहतो, त्यातून दीड ते दोन टेस्लाचं चुंबकीय क्षेत्र उभं राहतं आणि मिलिसेकंदाच्या आत विरून जातं. एमआरआयच्या यंत्रात साधारण एवढंच क्षेत्र असतं, पण तिथं ते सतत असतं. इथं ते झपाट्यानं बदलतं, आणि सगळी करामत त्या बदलण्यात आहे. फॅरेडेनं १८३१ मध्ये दाखवलेली गोष्ट हीच: चुंबकीय क्षेत्र बदललं की जवळच्या वाहकात प्रवाह सुरू होतो.

"डीपीत असतेच न," मुलगा म्हणाला. "दोन वाइंडिंग, एकमेकाले शिवत नाई, तरी करंट इकून तिकडं जाते. म्हंजे मायचं डोस्कं सेकंडरी."

डीपी म्हणजे विजेचा ट्रान्सफॉर्मर, सेकंडरी म्हणजे त्यातलं ज्यात करंट उतरतो ते दुसरं वेटोळं. याहून चांगलं स्पष्टीकरण मी कुठं ऐकलेलं नाही. फक्त या सेकंडरीत तार नाही, खारट पाण्यात बुडालेल्या पेशी आहेत.

चुंबकाचा हा वळसा कशासाठी, थेट वीज का नको, असंही त्यानं विचारलं. ते आधी करून झालेलं आहे. १९८० मध्ये इंग्लंडात मर्टन आणि मॉर्टन यांनी टाळूवरून विजेचा झटका देऊन हात हलवून दाखवला होता. पण कवटीचं हाड विजेला अडवतं, त्यामुळं जोर लावावा लागतो आणि तो सगळा कातडीला झोंबतो. चुंबकीय क्षेत्राला हाड अडवत नाही. शेफील्डमध्ये अँथनी बार्कर आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये कॉइलनं तेच साधलं, फारसं न दुखवता.

आत काय होतं? चेतापेशीचा आतला भाग बाहेरच्यापेक्षा सुमारे ७० मिलिव्होल्टनं ऋण असतो. कॉइलमुळं मेंदूच्या पृष्ठभागाजवळ दर मीटरला सुमारे १०० व्होल्ट इतकं विद्युतक्षेत्र तयार होतं. ते पेशीच्या आत-बाहेरचे भारित कण ढकलतं. पेशीचं गोल अंग त्याला फारशी दाद देत नाही. दाद देतात ते अ‍ॅक्झॉन, म्हणजे पेशीचे लांब तंतू, आणि तेही जिथं वळतात किंवा संपतात तिथं. वळणावर भार साचतो, पेशीच्या पडद्याचा तोल जातो, त्यातली सोडियमला आत सोडणारी दारं उघडतात, आणि एकदा संदेश सुटला की त्याला चुंबकाची गरज उरत नाही. तो नेहमीच्या वाटेनं पुढच्या पेशीकडं जातो. मावशींच्या अंगठ्यापर्यंत असाच गेला: मेंदूवरच्या, हालचाली घडवणाऱ्या पट्ट्यातले तंतू, तिथून त्याच पट्ट्याच्या पाचव्या थरातल्या मोठ्या पेशी, मग पाठीचा कणा, मग स्नायू. हा सगळा प्रवास साधारण २० ते २२ मिलिसेकंदांचा.

जोर किती खोल पोहोचतो? आठच्या आकाराच्या कॉइलनं दोन-तीन सेंटिमीटर, बस. रुंदीलाही तो वाटतो त्याहून बारीक असतो. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात माकडांच्या मेंदूत एकेका पेशीचं बोलणं टिपलं गेलं. एका ठोक्यानं थेट चेतणाऱ्या पेशी जेमतेम दोन मिलिमीटर लांबी-रुंदी-उंचीच्या तुकड्यातल्या निघाल्या.

"पण मग मायचं दुखणं तेवढ्याच ठिकानी हाये का?" मुलाचा प्रश्न. या प्रश्नाकडं पुन्हा येते.

पहिली फेरी

अंगठा हलवण्याला एक कारण होतं. प्रत्येकाची कवटी, प्रत्येकाच्या तंतूंची वळणं वेगळी, त्यामुळं जोर किती लावायचा ते आधी मोजावं लागतं. दहा ठोक्यांपैकी निदान पाचांत स्नायू दाद देईल असा सगळ्यांत कमी जोर म्हणजे त्या माणसाचा उंबरठा. मावशींचा उंबरठा मशीनच्या एकूण ताकदीच्या ५४ टक्क्यांवर आला. उपचार त्याच्या १२० टक्क्यांनी, म्हणजे ६५ वर. जागा मात्र अंगठ्याची नव्हे, तिथून पुढं कपाळाकडं सरकून, डावा डॉर्सोलॅटरल प्रीफ्रंटल कॉर्टेक्स. कपाळाच्या वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग समजा.

पद्धत निवडली ती थीटा बर्स्टची. तीन ठोक्यांचा घोस, सेकंदाला पाच घोस, दोन सेकंद ठोके, आठ सेकंद विसावा, असे वीस फेरे. ६०० ठोके, तीन मिनिटांच्या वर थोडं. जुनी पद्धत सेकंदाला दहा ठोक्यांची आणि साडेसदतीस मिनिटांची. कॅनडात ४१४ रुग्णांवर तुलना झाली, २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले: छोटी पद्धत मोठीपेक्षा उणी पडली नाही. अमेरिकेत उदासीनतेसाठी टीएमएसला मान्यता मिळाली २००८ मध्ये, थीटा बर्स्टला २०१८ मध्ये.

तीन मिनिटांसाठी मावशींनी सोमवार ते शुक्रवार नागपुरात भाचीकडं राहायचं आणि शनिवारी लालपरीनं गावी, असं ठरलं. पोळा करून त्या निघाल्या. आवाजासाठी कानात बोळे, डोक्यावर सुतारपक्षी बसल्यासारखी टोचणी, पहिल्या दोन दिवशी थोडी डोकेदुखी. बाकी काही नाही.

आणि सुधारणाही काही नाही. बारा सत्रं झाल्यावर गुण १९. दवाखान्यात उंबरठा पुन्हा मोजला, ५४ चा ५४. अंगठा इमानेइतबारे हलत होता. तंत्रज्ञांच्या दृष्टीनं सगळं बरोबर होतं: कॉइल जागेवर, जोर बरोबर, एकही दिवस नागा नाही.

पट्टी

तिसऱ्या शनिवारी मी गावी गेले. खरं तर आशाताईंच्या दुसऱ्या कामासाठी गेले होते. मावशींकडं चहाला थांबले. साखरेच्या डब्यामागं एक चंदेरी पट्टी दिसली. अल्प्राझोलाम, अर्धा मिलिग्रॅम, दहातल्या सहा संपलेल्या.

"मावशी, हे कोणाचं?"

"माह्यं. झोपेची व्हय ते."

सहा वर्षं, रोज रात्री दोन. आठवडी बाजाराच्या दिवशी एका मेडिकलमधून. ही गोळी शेड्यूल एच-वनमध्ये येते. चिठ्ठीशिवाय विकता येत नाही आणि विक्रीची नोंद तीन वर्षं जपावी लागते, पण मावशींना चिठ्ठी कधी कुणी विचारलीच नव्हती. दवाखान्याच्या अर्जावर 'चालू औषधे' या रकान्यात फक्त बीपीची गोळी होती. तो रकाना मी भरला होता. मी विचारलं होतं, "आणखी कुठलं औषध?" त्या म्हणाल्या होत्या, नाही. झोपेची गोळी त्यांच्या लेखी औषध नव्हतंच, जसा तंबाखू औषध नसतो. चूक प्रश्नाची होती, म्हणजे माझी. आता मी 'झोपेसाठी काय घेता, डोकं दुखलं तर काय, अंग दुखलं तर काय' असं एकेक विचारते आणि घरातला डबा दाखवायला सांगते.

आता त्या अंगठ्याकडं वळू. अंगठ्याचा उंबरठा सांगतो की तंतूच्या पडद्यावरची सोडियमची दारं किती सहज उघडतात. फिटची काही औषधं, उदाहरणार्थ कार्बामाझेपिन, ही दारं जड करतात, तिथं उंबरठा चढतो आणि मशीनवर लगेच दिसतो. अल्प्राझोलामच्या जातीच्या गोळ्या वेगळ्या ठिकाणी काम करतात. त्या गाबा या शामक रसायनाचा हात बळकट करतात, पेशीपेशींतल्या जोडांवर ब्रेक दाबतात. त्यानं उंबरठा सहसा हलत नाही. म्हणून ५४ चा ५४. अंगठा खोटं बोलला नाही, त्याला जेवढं ठाऊक होतं तेवढंच तो बोलला.

उपचार चालतो तो जोडांवर. ठोका मिलिसेकंदात संपतो. थीटा बर्स्टच्या एका सत्राचा हालचालीच्या पट्ट्यावरचा परिणामही तासाभरात ओसरतो. आजार हटायचा तर रोजच्या ठोक्यांनी जोडच बदलायला हवेत. उंदराच्या मेंदूच्या जिवंत ठेवलेल्या कापांवर जर्मनीत झालेल्या प्रयोगांत याचं रूप दिसलं आहे. सेकंदाला दहा ठोक्यांच्या माऱ्यानंतर चेतवणारे जोड आकारानं आणि ताकदीनं वाढले (२०१२), आणि पेशीच्या फांद्यांवरचे आवरणारे, म्हणजे गाबाचे जोड सैल पडले (२०१६). जागत्या माणसांत पुरावा आडवळणाचा आहे: एनएमडीए हा पेशीवरचा, शिकण्यातला कळीचा रिसेप्टर (रासायनिक संदेश झेलणारी जागा) मेमँटिन या औषधानं अडवला की थीटा बर्स्टचा मागाहूनचा परिणाम उमटत नाही.

आता दोन्ही एकत्र ठेवा. दिवसा चुंबक गाबाचा ब्रेक सैल करू पाहतो, रात्री गोळी तोच ब्रेक दाबते. मावशींच्या मेंदूत हेच घडलं असा माझा दावा नाही, ते पाहायची सोय कुणाकडंच नव्हती. पण लॉस एंजेलिसमधल्या एका २०१९ च्या अभ्यासात या जातीच्या गोळ्या घेणाऱ्यांना टीएमएसचा फायदा कमी झाल्याचं आढळलं होतं. मनोविकारतज्ज्ञांनी फोनवर तेच सांगितलं, आणि पुढं एक वाक्य जोडलं: "एकदम बंद करायला सांगू नका हं." ते महत्त्वाचं. सहा वर्षांची गोळी झटक्यात तोडली तर फिट येऊ शकते, आणि टीएमएसचा सगळ्यांत गंभीर धोकाही, अगदी क्वचित असला तरी, फिटचाच. दोन्ही एका वेळी नकोत.

म्हणून उपचार थांबवला. मुलाला राग आला. गोऱ्हा गेला, दिवस गेले, आणि हाती काय? त्याचं चूक नव्हतं.

आत कुणी पाहिलं?

त्या बैठकीत, रागातच, त्यानं विचारलं, "आत नेमकं का होऊन राह्यलं, हे कोन्या जित्या मानसात पाह्यलं का कोनी?"

पाहिलंय, आणि तेही अलीकडं. फिटच्या आजारात शस्त्रक्रियेआधी फिटचं मूळ शोधायला काही रुग्णांच्या मेंदूत थेट इलेक्ट्रोड बसवतात. आयोवा आणि स्टॅनफर्डच्या संशोधकांनी अशा रुग्णांवर टीएमएस केलं. आधी जेलच्या नकली डोक्यात तपासलं की इलेक्ट्रोड तापत किंवा सरकत नाहीत ना. मग २२ रुग्णांवर प्रयोग झाले, कुणालाही इजा झाली नाही. त्यातल्या १० जणांच्या प्रीफ्रंटल भागावर एकेक ठोका देऊन पाहिलं, तर प्रतिसाद कॉइलखाली तर उमटलाच, शिवाय खोलवरच्या अँटिरिअर सिंग्युलेट आणि इन्सुला या भागांतही उमटला. दूरच्या दुसऱ्या जागी ठोका दिला तर तो तसा उमटला नाही.

त्याच्या आधीच्या प्रश्नाचं उत्तर इथं आहे. दुखणं दोन मिलिमीटरच्या तुकड्यात नाही. चुंबक हात घालतो तो वरच्या टोकाला, तिथून निघालेल्या तारा खोल जातात. मनःस्थितीशी ज्यांचा संबंध जोडला जातो ते भाग कॉइलच्या आवाक्याबाहेरच असतात. "म्हंजे स्टार्टर बांधावर, मोटार हिरीत," तो म्हणाला, आणि त्याचा राग थोडा उतरला. मी ही उपमा तेव्हापासून सर्रास वापरते, त्याला न विचारता.

दुसरी फेरी

गोळी उतरवायला दहा आठवडे गेले. जास्त वेळ टिकणाऱ्या दुसऱ्या गोळीवर आणून दर पंधरवड्याला थोडी कमी. दिवाळी त्यातच गेली. झोप बिघडली, हात थरथरायचे, चिडचिड इतकी की सुनेनं माहेरी जायचं ठरवलं होतं. आशाताई एक दिवसाआड जायच्या. नोव्हेंबरात मावशी स्वतःहून दोन दिवस वेचणीला गेल्या, मग चार दिवस पडून राहिल्या. गुण १८.

संक्रांत झाल्यावर पुन्हा नागपूर. उंबरठा ५३. या आकड्यापाशी मी बराच वेळ थांबले. आतलं रसायन एवढं बदलूनही अंगठ्याचं म्हणणं जवळजवळ तेच होतं.

सहा आठवडे, तीस सत्रं. दहाव्या सत्रापर्यंत विशेष काही नाही. चौदाव्यानंतर भाचीचा फोन आला की मावशींनी सकाळी उठून तिच्या बाळाला तेल लावलं. विसाव्यानंतर पहाटेची जाग तीनवरून पाचवर गेली. शेवटी गुण ८. निम्म्याहून कमी झाले म्हणून याला प्रतिसाद म्हणतात. पाचाच्या खाली गेले असते तर आजार ओसरला म्हटलं असतं, तसं झालं नाही.

हे चुंबकानं केलं का? त्याच काळात गोळी सुटली होती, आणि ती गोळीच डोकं जड ठेवत असेल तर श्रेय तिच्या जाण्याला. कापूस विकला गेला, उधारी फिटली. भाचीच्या घरी सहा आठवडे बोलायला माणूस आणि मांडीवर बाळ होतं. रोज ठरल्या वेळी कुणीतरी 'कशा आहात' म्हणून विचारत होतं, आणि टीएमएसच्या चाचण्यांत खोट्या कॉइलवाल्या गटातही काही जण सुधारतातच. उलट बाजूनं, पहिल्या फेरीतही भाची, बाळ आणि विचारपूस होतीच, तेव्हा गुण दोननंच उतरले होते. फरक गोळीचा, सत्रांच्या संख्येचा आणि कापसाचा. एका रुग्णावरून हे तीन धागे सुटे करता येत नाहीत. माझा कल गोळीकडं आहे, पण डब्यामागची पट्टी मीच शोधली म्हणून तसा असू शकतो.

मे अखेरीस गुण ११. झोपेची गोळी नाही, उदासीनतेचं औषध चालू. डॉक्टरांनी थोडी जादा सत्रं सुचवली. मावशींनी विचारलं, "आंगठा हालवाले जायाचं का परत?" मी म्हटलं, हो. त्यांनी आभाळाकडं पाहिलं. मृग लागायला आठ दिवस होते, सरकी भरून ठेवली होती. पेरणी उरकली की जाऊ, असं ठरलं.